एका माणसाचा प्रश्न आहे

आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात, कोपऱ्यात, विसरलेल्या छत्र्यांचा एक ढीग आहे. लोक पेपर वाचायला येतात, पाऊस थांबला की हात हलवत घरी जातात. छत्री राहते. न्यायला कोणी परत येत नाही, आणि टाकून द्यायला ग्रंथपालांचं मन होत नाही. मध्येच एखादी काठी, एखादा मफलर. गेल्या वर्षी काही महिने त्या ढिगावर एक खाकी टोपीसुद्धा होती.

किस्स्यांचंही तसंच झालंय. लोक रविवारी सकाळी येतात, कायद्याचा प्रश्न विचारतात, हलके होऊन निघून जातात आणि किस्सा इथेच विसरतात! आता कोपरा पार भरला आहे. म्हणून थोडे बाहेर काढते.

* * *

माझी शाळा डोंगरातली, कॉलेज दिल्लीचं आणि वकिली शिकले लंडनला. नागपूरला परत आले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. कायदा कोर्टात बसून राहता कामा नये, तो लोकांपर्यंत गेला पाहिजे! आईला वाटत होतं की मी आधी थोडं जेवावं. मी आल्या आठवड्यातच धंतोलीतल्या या वाचनालयाचा व्हरांडा मागून घेतला, एक टेबल, दोन खुर्च्या मांडल्या आणि लाल रंगात बोर्ड रंगवून लावला, 'मोफत कायदेविषयक सल्ला. दर रविवारी.'

कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी एक गृहस्थ आले. बोर्ड पूर्ण वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रॉकेलची लाइन इथंच लागते काय?"

मग देशकरकाका आले. काका बाबांचे मित्र, सगळी हयात जिल्हा कोर्टात गेलेली. काळा कोट धुऊन धुऊन करडा झालेला. त्यांनी व्हरांड्यावरून एक नजर फिरवली.

"आधी तो बोर्ड काढ. वकिलानं बोर्ड लावून पक्षकार बोलवायचे नसतात."

"आणि?"

"आणि ही खुर्ची फिरव. येणाऱ्याचं तोंड तू रस्त्याकडे केलंस. अगं, साऱ्या धंतोलीला दिसेल की अमका वकिलाकडे बसला आहे. तो घरी पोचायच्या आत त्याचा घटस्फोट झालेला असेल!"

मी खुर्ची फिरवली. रस्त्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. पुढच्या रविवारी चार जण आले!

* * *

पण त्या चौघांतला पहिला टिकला नाही. मी शिकल्याप्रमाणे आधी त्याचं नाव विचारलं. तो ताडकन उठला.

"नाव कायले पायजे? मी काई केलं नाई!"

आणि गेला.

काका म्हणाले, "नाव विचारू नकोस. इथे स्वतःचा प्रश्न घेऊन कोणी येत नाही. सगळे 'एका माणसाचा' प्रश्न घेऊन येतात. तू त्या माणसाला सल्ला दे. समोरचा घेऊन जाईल."

"पण काका, माणसानं आपला हक्क आपल्या तोंडानं मागितला पाहिजे!"

"मागेल ना. आधी बसू तर दे."

मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण तेव्हापासून आमच्याकडे हाच रिवाज पडला. 'एक माणूस', 'एक बाई'. नाव नाही, गाव नाही. माझ्या रविवारच्या सगळ्या कामात एकही पक्षकार असा नव्हता की ज्याला स्वतःला काही अडचण होती!

* * *

नरखेडकडचे एक शेतकरी आले. "एका मानसाची संत्र्याची बाग हाये. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी धुऱ्यावरून इकडं आली. फांदीले संत्री लागली. मंग संत्री कोनाची?"

मी खुलून सांगितलं. तुमच्या हद्दीत आलेली फांदी तुम्ही छाटू शकता. पण फळ मात्र ज्याचं झाड त्याचंच!

"म्हंजे फांदी कापता येते, अन् संत्रं खाता येत नाई? असा कायदा कोनी केला जी? त्याच्या घरी बाग होती काय?"

ते उठले, आत जाऊन पेपर चाळू लागले. तेवढ्यात दुसरे एक शेतकरी आले. "एका मानसाचं संत्र्याचं झाड हाये. फांदी शेजाऱ्याच्या वावरात गेली..."

मी तेच उत्तर उलट्या बाजूनं दिलं. तेही उठले. आणि मग काय पाहते, दोघं मिळून बाहेर गेले, एकाच फटफटीवर बसले! एकानं किक मारली, दुसरा मागं बसला. एवढ्या लांबून दोघं एकाच गाडीवर, एकाच भांडणाचा सल्ला घ्यायला आले होते. एक बोलत असताना दुसरा सभ्यपणे लांब थांबला होता, इतकंच.

टेबलावर संत्र्यांची पिशवी राहिली होती. मी धावत गेले. "अहो, ही कोणाच्या झाडाची?"

"ते नका विचारू मॅडम!" दोघंही एकदम म्हणाले.

परत आले तर काका संत्रं सोलत होते.

"काका, हा त्यांच्या भांडणातला पुरावा आहे!"

"म्हणूनच म्हटलं, लवकर नष्ट केला पाहिजे," काका म्हणाले आणि अर्धं माझ्यासमोर धरलं.

* * *

आता त्या टोपीचं सांगते.

एका रविवारी एसटीचा एक ड्रायव्हर आला. उंच, धिप्पाड, अंगात खाकी ड्रेस. टोपी काढून टेबलावर ठेवली. एवढा मोठा माणूस, पण खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"एका मानसाचा प्रश्न हाये."

"सांगा ना."

"त्या मानसानं लग्न केलं. कोर्टात. म्हंजे कोर्टाच्या बाहेर झाडाखाली एक जन टायपिंगची मशीन घेऊन बसते ना, त्याच्यापाशी. स्टॅम्प पेपर घेतला, त्यानं सही केली, बाईनं सही केली, दोन साक्षीदार. पक्कं काम! कागद फ्रेम करून घरी लावला हाये जी, देवाच्या फोटोच्या बाजूले. आता डेपोत एक जन म्हनते, हे लग्नच नोय. मी म्हटलं, चाल बे, काईबी सांगतो... चालते ना हे?"

सगळा कायदा माझ्या जिभेवर तयार होता. "अजिबात चालत नाही! सही करून लग्न होत नाही. एक तर रजिस्ट्रारला नोटीस देऊन, त्याच्यासमोर व्हायला हवं. नाहीतर रीतसर विधी करून. त्या कागदाला लग्न म्हणून काही अर्थ नाही!"

"काईच नाई?"

"काहीच नाही."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "त्याची पोरगी मॅट्रिकले हाये जी." आणि उठून चालू लागला. टोपी टेबलावरच राहिली.

काका पलीकडे चहा पीत होते. "कायदा बरोबर सांगितलास," ते म्हणाले. "पण एवढ्या लवकर काहून सांगितलास?"

* * *

वाचनालयात खिडकीजवळ एक वेताची खुर्ची आहे. तिथे उजेड चांगला येतो. निवृत्त हेडमास्तर नानाजी रोज सकाळी त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत. एक दिवस तिथे एक नवे पेन्शनर येऊन बसू लागले. नानाजी सरळ माझ्या टेबलापाशी.

"एका माणसाचा प्रश्न आहे. बारा वर्षं कब्जा झाला की जागा त्याची होते ना?"

नागपुरात एवढा एक कायदा सगळ्यांना पाठ आहे! घरमालकांना आहे, भाडेकरूंना आहे, रिक्षा स्टँडवर आहे.

"जमिनीचं तसं आहे, नानाजी. पण खुर्चीचं..."

"खुर्ची म्हटलं का मी? जागा म्हटलं."

मी लंडनमध्ये या प्रश्नाचं उत्तर शिकले नव्हते. काकांनी मान वर केली.

"कब्जा सलग लागतो, नानाजी. तुम्ही दर दिवाळीत मुलीकडे अमरावतीला जाता. तिथे खंड पडतो."

नानाजींचा चेहरा पडला. "म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!"

पुढच्या रविवारी नानाजी अगदी खुशीत. "मुलीला कळवून टाकलं. यंदापासून दिवाळीला तीच इकडे येईल. कायद्याचं काम आहे, मला गाव सोडता येत नाही म्हटलं!"

* * *

एक कचेरीतले गृहस्थ आले. भांग नीट, खिशाला दोन पेनं. "एक भाडेकरू आहे. घरमालकानं घर सोडायला सांगितलं तर त्याला सोडावं लागतं का?"

हा तर माझा लाडका विषय! मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "मुळीच नाही! भाडे नियंत्रकाची परवानगी घेतल्याशिवाय त्याला कोणी हलवू शकत नाही. त्याला म्हणावं, ताठ मानेनं राहा!"

गृहस्थ खचले. "काहीच मार्ग नाही?"

"घाबरू नका हो. मालक काहीही करू शकत नाही."

"अहो, मालक काही करतच नाही, तीच तर अडचण आहे!" ते खाली वाकून हळूच म्हणाले. "मालक म्हणजे त्या भाडेकरूचे सासरे. खाली राहतात. रोज संध्याकाळी वर येतात आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकून पुन्हा समजावून सांगतात. बायको घर सोडायला तयार नाही. मॅडम, बेदखल व्हायचा काही अर्ज असते काय?"

* * *

ड्रायव्हर पुन्हा आला. या वेळी साध्या कपड्यांत. टोपी मी छत्र्यांच्या ढिगावर ठेवली होती. त्यानं ती पाहिली आणि नजर काढून घेतली.

"त्या मानसाच्या लेकरायचं काय?" त्यानं बसता बसताच विचारलं.

आता मी शहाणी झाले होते. सावकाश सांगितलं. इतकी वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेल्या जोडप्याला कायदा सहसा नवरा-बायकोच धरून चालतो. उलट म्हणायचं असेल त्यानं तसं सिद्ध करायचं. लेकरांना कोणी बोट लावू शकत नाही.

त्यानं अर्धा सुस्कारा सोडला. मग विचारात पडला. "म्हंजे लेकरं पक्की अन् मायबाप कच्चे?"

"तसं नाही हो. त्या दोघांनी रजिस्ट्रारकडे जावं, लग्न करून घ्यावं. सोपं आहे."

"म्हंजे तिले सांगा लागन."

"हो, दोघांना जावं लागेल."

"तेच तं!" त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ते बाई लय खरी हाये जी. लहानपनीच विधवा झाली होती. त्या कागदाच्या भरवशावर सारं सोडून त्याच्यासंगं आली. आता कोन्या तोंडानं सांगू, का त्या कागदात काई नवतं? अन् तिनं म्हटलं, मंग मी जातो आपल्या घरी, तं? तिच्यावर आता बंधन तं काईच नाई ना!"

तो उठला.

"तुमची टोपी..." मी म्हटलं.

"माझी नाई ते," तो पटकन म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर मी दर रविवारी रस्त्याकडे पाहत असे. तो काही आला नाही.

* * *

खाप्याहून एक सून आली होती. "एका बाईचं लग्नात नाव बदललं. तिले ते नाव आवडत नाई. तिनं आपलं पयलं नाव सांगितलं, तं पोलीस पकडतात काय?"

मी हसू आवरून सांगितलं, "लग्नात नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा म्हणत नाही. तिचं नाव तिचंच आहे."

"खरंच जी?"

"खरंच."

ती अशी गेली की पायऱ्या दोन दोन उतरली!

काही रविवार गेले. एक म्हातारी आली, हातभर हिरव्या बांगड्या. "माह्या सुनंले तुमीच शिकवलं काय?"

मी तयारीत बसले. आता भांडण होणार. स्त्री-स्वातंत्र्यावरचं सगळं भाषण मनातल्या मनात जुळवलं.

म्हातारीनं मागं वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. मग खुर्ची जवळ ओढली.

"एका म्हाताऱ्या बाईचा प्रश्न हाये. तिचं नाव बी लग्नात बदललं होतं. लय वर्षं झाली. ते आता वापस घेता येते काय?"

"येतं की! काय नाव होतं?"

"कौसल्या." तिनं ते असं म्हटलं जसं कोणाचं तरी दुसऱ्याचं नाव आहे. "एकडाव हाक मारून पाहा ना वं."

मी हाक मारली. "कौसल्या!"

म्हातारीनं आधी मागं वळून पाहिलं. कोणाला हाक मारली म्हणून! मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की नानाजी पेपर घेऊन बाहेर आले.

* * *

आणि एका रविवारी एक बाई आली. कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडाची पिशवी. खुर्चीत नीट, पूर्ण बसली.

"एका बाईचा प्रश्न हाये. त्या बाईचा नवरा काल जेवता जेवता रडाले लागला. एसटी चालवते तो, कधी रडत नाई. म्हने, आपलं लग्नच झालं नाई, वकीलबाईनं सांगितलं. त्याले सांगाले म्हने एवढे दिवस लागले. मी हसली. म्हंजे... ते बाई हसली."

काकांनी पेपर बाजूला ठेवला.

"मंग रात्रभर झोप नाई लागली," ती म्हणाली. आवाज जरा उतरला. "त्या बाईले. तिनं काय समजावं जी? एवढे दिवस ती कोन होती?"

मी काकांकडे पाहिलं. काका खुर्ची ओढून समोर बसले.

"मला सांगा बाई, ज्या दिवशी कागद झाला, त्या दिवशी त्या दोघांनी अजून काय काय केलं?"

"काई नाई. संध्याकाळी खाप्याले, त्या बाईच्या आत्याच्या घरी गेले. जेवले."

"सरळ जाऊन जेवले?"

"नाई. आत्या हट्टी होती ना! म्हने, तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा, माह्या घरात जेवाचं हाये तं आपल्या रीतीनं पाट लावतो. मंग पाटावर बसवलं दोघाले, बांगड्या भरल्या, कुंकू लावलं, जातीतले चार म्हातारे बोलावले, गूळ वाटला. ते सोडा ना जी. म्हातारीचं मन राखलं. लग्न तं सकाळीच झालं होतं, झाडाखाली."

काकांचा चेहरा असा फुलला की मला कळेचना काय झालं.

"त्या बाईच्या जातीत विधवेचं दुसरं लग्न असंच लागतं ना?"

"असंच. पाटच लावतात. माह्या मावशीचा लागला, मावसबहिणीचा लागला."

"आत्या आहे?"

"हाये ना! अजून भाकर चावून खाते."

"मग ऐका. सकाळी झाडाखाली काहीच झालं नाही. लग्न लागलं ते संध्याकाळी, आत्याच्या घरी. दोघांपैकी एकाच्या जातीची रीत पाळली की कायद्याला पुरतं. ती बाई त्या दिवसापासून त्याची लग्नाची बायको आहे. त्या कागदाच्या फ्रेममध्ये आत्याचा फोटो लावा म्हणावं!"

बाईनं डोळे मिटले. सगळ्या अंगातून निघावा तसा एक लांब श्वास बाहेर आला. व्हरांड्यात किती लोक सुटकेचा श्वास सोडून गेलेत, पण असा मी ऐकला नव्हता. मलाच रडू येईल असं वाटलं.

"चला, आता घरी जाऊन त्याला सांगा," मी म्हटलं.

ती उठली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली.

"हे त्या मानसाले आजच सांगा लागते काय?"

"म्हणजे?"

"नाई, तो कालपासून माह्याशी... त्या बाईशी लय नीट बोलून राहिला. आज सकाळी उठून चा करून देला. बायको लग्नाची होती तवा कधी केला नाई जी. लग्नाची नाई म्हटल्यावर करून राहिला!"

काका खोकू लागले.

"अन् दुसरं असं," ती आता माझ्याकडे वळली, "त्या बाईले कोनी विचारलंच नाई कधी. पयलं लग्न झालं तवा बापानं ठरवलं. दुसऱ्याच्या वेळेस यानं कागद आनला अन् म्हने, इथं सही कर. टायपिंगवाल्यानं बोट ठेवून दाखवलं कुठं कराची ते. माह्यासंगं लग्न करते काय, असं एका शब्दानं... आता त्याले वाटते का लग्न नाई झालं. तं विचारन ना तो. विचारू द्या ना एकडाव."

माझ्यापुढे मोठाच पेच. तिकडे तो काळजीनं अर्धा झालेला, इकडे ही. दोघंही माझेच पक्षकार!

"काका, त्याला आपण सांगायला हवं."

"कोणाला?" काकांनी पुन्हा पेपर उघडला. "आपल्याकडे नाव आहे का कोणाचं?"

मग पेपरातून डोकं काढून बाईंना म्हणाले, "पण बाई, फार ताणू नका. तो विचारील त्या दिवशी मी सांगणार."

ती जाता जाता छत्र्यांच्या ढिगापाशी क्षणभर थांबली. टोपी पाहून घेतली आणि पायऱ्या उतरली.

* * *

पुढच्या रविवारी व्हरांडा भरलेला होता. नानाजी आत खिडकीशी, आपल्या कब्जातल्या खुर्चीत, दोघं-तिघं भिंतीशी आपापला 'एका माणसाचा' प्रश्न घेऊन थांबलेले. आणि ती दोघं आली. तो पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, ती मागून पिशवी घेऊन.

तो थेट टेबलापाशी आला. बसला नाही. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, गर्रकन फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मग बसला. रस्त्यावरची एक सायकल थांबली.

"माझा प्रश्न हाये," तो म्हणाला. इंजिनच्या वरून बोलायची सवय, त्यामुळे आवाज सगळ्या वाचनालयात गेला. "माझं नाव शंकर. लिहून घ्याचं असन तं घ्या. मले या बाईसंगं लग्न कराचं हाये. ते होते काय अन् ती करन काय, दोनीबी सांगा."

माझं पेन हातातच राहिलं. इतक्या रविवारांत 'माझा प्रश्न' हे शब्द त्या खुर्चीत पहिल्यांदा उच्चारले गेले होते.

"पहिल्याचं उत्तर मी देतो," काका म्हणाले. "दुसऱ्याचं माझ्याकडे नाही." आणि त्यांनी आत्या, पाट, बांगड्या, चार म्हातारे, सगळं सांगितलं.

शंकर ऐकत राहिला. "तो गूळ? तो तं मी बसच्या घाईत उभ्या उभ्या खाल्ला होता!"

"बसून खाल्ला होता. पाटावर," ती मागून म्हणाली.

शंकरनं आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. आणि त्यानं असं "हुश्श" केलं की टेबलावरचे कागद हलले! भिंतीशी उभे असलेले लोकही हसले.

"तुले ठाऊक होतं?"

"मागच्या रविवारपासून."

"मंग सांगितलं काहून नाई वं?"

"चा बरा करून राहिले होते तुमी!"

नानाजींनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

"बरं झालं बाप्पा," शंकर कपाळ पुसत उठला. "झालंच ना मंग सारं. चाल घरी."

"थांबा ना. तुमी विचारलं हाये. मले उत्तर तं देऊ द्या."

"मंग दे ना."

"विचार करून राहिली ना मी!"

ती कोपऱ्यात गेली. छत्र्यांच्या ढिगावरून तिनं खाकी टोपी उचलली, झटकली, पदरानं पुसली, उलटीपालटी करून पाहिली.

"हे टोपी कोनाची हाये जी?"

शंकरनं डोक्यावरून हात फिरवला.

"एका माणसाची," मी म्हटलं.

तिनं टोपी पिशवीत घातली आणि पायऱ्या उतरू लागली. शेवटच्या पायरीवरून, मागं न बघता, म्हणाली,

"त्याले सांगा, घरी येऊन घेऊन जाय म्हना!"